मी फक्त मराठीत म्हटलं

अध्यक्षसाहेब, वत्सलावहिनी, आणि सभागृहात बसलेल्या, उभ्या राहिलेल्या, व्हरांड्यातून माना उंचावून ऐकणाऱ्या सगळ्यांनो,

किसन गजघाटे गेला. हे वाक्य सकाळपासून माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून आधी तेच म्हणून टाकलं. वाटलं होतं, एवढं म्हटलं की पुढचं सोपं जाईल. नाही जात.

मी लोकांना हसवणारा माणूस. त्यामुळे मला बोलायला सांगताना आयोजकांनी जरा चाचरतच विचारलं, "गंभीर बोलाल ना?" मी म्हटलं, बोलतो. आता इथं उभं राहिल्यावर कळतंय की गंभीर बोलणं काहीच कठीण नाही. चेहरा पाडला की झालं. कठीण आहे ते खरं बोलणं. आणि शोकसभेत तर फारच. कारण ज्याच्याविषयी बोलायचं तो उठून "हे खोटं आहे" असं म्हणू शकत नाही, याची खात्री फक्त शोकसभेतच असते.

माझ्या आधीचे सगळे वक्ते त्या खात्रीवर बोलले. एकानं सांगितलं, किसन अजातशत्रू होता. अहो, सक्करदऱ्याच्या दूधवाल्यापासून विद्यापीठाच्या विभागप्रमुखापर्यंत ज्याच्याशी किसनचं वाजलं नाही असा माणूस दाखवा मला. दुसऱ्यानं सांगितलं, तो मितभाषी होता. तुमच्याशी असेल. आमच्याशी बोलायला लागला की चहा गार व्हायचा, दुसरा मागवायचा, तोही गार व्हायचा. तिसरे म्हणाले, त्यांना मानाची हाव नव्हती. होती. चांगली सणसणीत होती. फक्त ज्याला आपण मान म्हणतो तो त्याला नको होता.

हे सगळं चालतं. मेलेल्या माणसाला थोडं धुऊन-पुसून ठेवावं लागतं, ते मी समजू शकतो. पण थोड्या वेळापूर्वी अध्यक्षांनी जो शोकप्रस्ताव वाचला, त्यात एक वाक्य आहे. ते धुणं-पुसणं नाही. ते वाक्य मी पुन्हा वाचतो: 'गोऱ्या साहेबाच्या जुलमाविरुद्ध निधड्या छातीने उभे राहिलेले आपले आजोबा, म्हणजेच कादंबरीतील मुकादम, यांची सत्यकथा कै. गजघाटे यांनी अजरामर केली.'

त्यातलं 'कै.' सोडून देतो. किसन बौद्ध. आईचं बोट धरून दीक्षेला गेलेला. तो कैलासात कशाला जाईल? तिथं त्याच्या ओळखीचं कोण आहे? पण सोडून देतो.

हा प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही. आपण दोन मिनिटं उभे राहू, बसू, आणि तो मंजूर झाला असं धरलं जाईल. आपली तशी रीतच आहे. शोकप्रस्तावाला कधी कुणी विरोध केला, असं ऐकलंय तुम्ही? मीही ऐकलेलं नाही. आज ऐका. माझा विरोध आहे.

आणि पाठोपाठ बापूसाहेबांनी, किसनच्या प्रकाशकांनी, जाहीर केलं की 'साहेबाचा जबाब' या कादंबरीची स्मृतिआवृत्ती निघणार आहे. किसननं आयुष्यात लिहिलेली ही एकच कादंबरी. मुखपृष्ठावर त्या आजोबांचा फोटो घालणार आहेत. फोटो मिळालासुद्धा, गावातून. फेटा, मिशा, छातीला बिल्ला. तुमच्यातल्या काहींचे हात टाळीसाठी वर आले होते. शोकसभा आहे हे आठवून खाली गेले. मी पाहिलं.

मित्रहो, तो मुकादम किसनचा आजोबा नव्हता. किसनचा आजोबा त्या मुकादमामुळं मेला.

पुन्हा सांगतो. ज्याचा फोटो तुम्ही छापणार आहात, त्यानं किसनच्या आजोबाला कड्याखाली धाडलं. आणि स्वतः पळाला.

आता जरा सुरुवातीपासून सांगायला हवं.

सावनेरच्या पुढं, किसनच्या गावाजवळ, इंग्रजांच्या काळी मँगनीजची खाण होती. खाण म्हणजे बोगदा नव्हे. टेकडी उभी कापत जायचं. कापता कापता वर कडा लोंबकळत राहायचा, आणि चांगला माल नेमका त्या कड्याच्या पोटाखाली असायचा. साहेब वर, मजूर खाली, आणि दोघांच्या मध्ये मुकादम. साहेब त्याच्या इंग्रजीत काही तरी बोलायचा, मुकादम ते मराठीत ओरडायचा. एके दिवशी कडा खाली आला. बाया, माणसं, टोपल्या, सगळं दडपलं गेलं. त्यात किसनच्या मायचे वडील होते. माय तेव्हा परकर नेसायच्या वयाची.

मग चौकशी झाली. इंग्रज मोठा शिस्तीचा, माणसं मेली की चौकशी करायचाच. चौकशीत जबाब कुणाचे घ्यायचे? मेलेल्यांचे घेता येत नाहीत. साहेबानं इंग्रजीत दिला. आणि खालून जिवंत वर आलेला एकच होता, तो मुकादम. त्यानं दिला. ठरलं असं की मजुरांना नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. चूक मजुरांची. फाईल बंद.

इथवर गोष्ट नेहमीची आहे. पुढची आपली आहे.

पुढं स्वातंत्र्य आलं. साहेब जहाजात बसला आणि मुकादम खुर्चीत. साहेब गेल्यावर साहेबाविरुद्ध लढायला काय लागतं? मुकादम म्हातारा होत गेला तसतसा शूर होत गेला. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर त्याला हार घालायचे, आणि तो कड्याची गोष्ट सांगायचा. "मी साहेबासमोर छाती काढून उभा राहिलो. म्हटलं, माझी माणसं आत जाणार नाहीत." एका वर्षी तो कड्यावर उभा राहून मजुरांना हाका मारत असायचा. पुढच्या वर्षी तो साहेबाच्या बंगल्यावर भांडायला गेलेला असायचा. कधी पाऊस, कधी ऊन. कधी बाजाराचा दिवस, कधी बाजाराचा दुसरा दिवस. लोक ऐकायचे. पोरं टाळ्या वाजवायची. आणि मागं, बायांच्या रांगेत, किसनची माय बसलेली असायची.

किसननं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही धरमपेठेत एका हॉटेलात बसलो होतो, आणि त्याच्या चहावर साय धरली होती. तो म्हणाला, "मी मायले विचारलं, 'माय, हा खोटं बोलून राहिला ना?' माय म्हणे, 'हो.' म्हटलं, 'मंग तू उठून बोलत काहून नाही?' तं माय म्हणते, 'बोलून काय करू गा? मी तं तिथं नव्हती. जे होते ते खाली राहिले. सांगणारा हाच एक उरला. चुपचाप ऐक. याच्या खोट्यातूनच तुह्या आज्याचं काही निघालं तं निघन.'"

मित्रहो, मी पुष्कळ परिसंवादांना गेलो आहे. निवेदक म्हणजे काय, निवेदकावर किती विश्वास ठेवावा, त्याचा अधिकार कुठून येतो, यावर मी मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली आहेत. जेवण चांगलं असलं तर शेवटपर्यंत ऐकली आहेत. पण किसननं जी कादंबरी लिहिली ती त्या मागच्या रांगेतून लिहिली. त्यानं ठरवलं, मुकादमालाच बोलू द्यायचं. सगळी कादंबरी मुकादमाच्या तोंडून. मध्ये एका शब्दानं टोकायचं नाही. त्याला हार घालायचा, खुर्ची द्यायची, आणि म्हणायचं, बोल.

आणि मुकादम बोलतो. पहिल्या प्रकरणात तो कड्यावर आहे. पाचव्यात बंगल्यावर आहे. पुढं एके ठिकाणी, मोठ्या भरात, म्हणतो, 'वर पाहिलं तर कडा हलत होता.' वर पाहिलं! जो कड्यावर उभा आहे तो वर काय पाहील? आभाळ. वर पाहून कडा कुणाला दिसतो? जो खाली आहे त्याला. वाचणारा तिथं थबकतो. निदान थबकावा, अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा होती. आणि शेवटच्या प्रकरणात, कुणी न विचारता, तो म्हणतो, 'मी त्यांना आत जा म्हटलं. म्हणजे साहेबानं म्हटलं. मी फक्त मराठीत म्हटलं.'

मी फक्त मराठीत म्हटलं.

गेल्या दीडशे वर्षांत आपल्या देशात जे काही झालं, ते एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही. हुकूम त्यांचा होता, ओरडणारा गळा आपला. आणि पुढं त्याच गळ्यात हार.

आता या पुस्तकाचं आपण काय केलं ते ऐका. आपण म्हणजे मी धरून. नावं घेत नाही, ज्यांची आहेत ते पहिल्या दोन रांगांत बसले आहेत.

परीक्षणं आली. एकात लिहिलं होतं, कथाबीज जोरकस आहे, परंतु तपशिलांत अक्षम्य विसंगती आहेत. नायक एका वेळी दोन ठिकाणी कसा? दुसऱ्यात होतं, लेखकाची मांड सैल आहे, लिहून झाल्यावर हस्तलिखित पुन्हा वाचण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. तिसऱ्या परीक्षकांना किसनविषयी खरी कळकळ होती. त्यांनी सल्ला दिला की श्री. गजघाटे यांनी कल्पनेच्या फंदात न पडता स्वतःच्या समाजाचं, स्वतः भोगलेलं, जसंच्या तसं लिहावं.

माझा एक साधा प्रश्न आहे. हीच विसंगती एखाद्या पुण्याच्या लेखकानं केली असती, तर तिला आपण काय म्हटलं असतं? प्रयोग म्हटलं असतं. चर्चासत्र घेतलं असतं. दोन दिवसांचं. गजघाटे आडनावाच्या माणसानं केली, म्हणून ती चूक. त्याच्याकडून आपल्याला फक्त साक्ष हवी होती. तू सोसलंस ना? मग सांग, आम्ही डोळे पुसतो. पण तू एक खोटं बोलणारा माणूस घडवशील, त्याच्या खोट्यात आम्हाला अडकवशील, आमची अक्कल तपासशील? ते काम तुझं नव्हे.

किसन हे परीक्षण वाचून हसला होता. मला म्हणाला, "आमच्या लोकायनं फक्त खरंच बोलावं, असा कायदा आहे काय गा? खोटारडा माणूस लिहाचा असन तं तुमचीच परवानगी घ्या लागते?" मी म्हटलं, "अर्ज कर. मंजूर करतो." त्यानं मला एक शिवी दिली. ती मी इथं सांगत नाही, कारण वहिनी बसल्या आहेत. त्यांना ती पाठ आहे.

मग दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. पुस्तक अभ्यासक्रमाला लावायचं घाटत होतं. समितीचं म्हणणं, विसंगती काढा. बापूसाहेबांकडं एक मुद्रितशोधक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले. फार सज्जन माणूस. ते आज हयात नाहीत, आणि त्यांच्याविषयी मी वाकडा शब्द बोलणार नाही. त्यांनी महिनोन् महिने खपून, चष्मा कपाळावर चढवून, उतरवून, ती कादंबरी सुधारली. पाऊस आणि ऊन यांचा मेळ घातला. बाजाराचा दिवस एकच ठेवला. मुकादमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत कड्यावर उभा केला. 'वर पाहिलं' होतं, तिथं 'खाली पाहिलं' केलं. कारण कड्यावरचा माणूस वर कसा पाहील? बरोबरच आहे! आणि शेवटी ते त्या तीन तुटक वाक्यांपाशी आले. ती त्यांना फार गबाळी वाटली. त्यांनी त्यांचं एक सुबक वाक्य केलं: 'साहेबाने मजुरांना आत जाण्यास फर्मावले, परंतु मी त्यांना परोपरीने विनवले.'

झालं. मुकादम सुटला.

विचार करा. इंग्रजांच्या चौकशीत तो सुटला, तो त्यांच्या सोयीनं. पंधरा ऑगस्टला सुटला, तो गावाच्या भोळेपणानं. आणि ज्या एका जागी त्याला पकडलं होतं, जिथून त्याची सुटका नव्हती, तिथून त्याला कुणी सोडवलं? शुद्धलेखनानं. आमच्या टापटिपीच्या आवडीनं. एका सज्जन माणसाच्या तांबड्या पेन्सिलीनं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मला आयुष्यभर दुष्ट माणसांवर विनोद करता आले. या गुरुजींवर करता येत नाही.

किसनला छापलेलं पुस्तकच हातात मिळालं. तो ते घेऊन बापूसाहेबांकडं गेला. मी सोबत होतो. बापूसाहेब, तुम्ही प्रेमानं चहा मागवलात, आणि म्हणालात, "अहो गजघाटे, आभार माना. केवढ्या चुका राहिल्या होत्या तुमच्या! आम्ही एकही ठेवली नाही." किसन बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत होता. मग म्हणाला, "एकबी नाही?" तुम्ही म्हणालात, "एकही नाही."

तिथं तो भांडला नाही. दूधवाल्याशी भांडणारा किसन तिथं भांडला नाही. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, सांगितलं का नाहीस, त्या चुका तू मुद्दाम केल्या होत्या म्हणून? तो म्हणाला, "सांगतो, अन् मंग काय होते? म्हणतीन, याले लिहिता येत नाही, अन् वरतून चुकायले कला म्हणते." आणि आपण तसंच म्हटलं असतं.

पुस्तक कॉलेजात लागलं. गाईडं निघाली. एका गाईडवाल्यानं मुकादमाची थोरवी रंगवता रंगवता लिहून टाकलं, 'लेखकाचे आजोबा'. का? कारण तो 'मी' म्हणून बोलतो. आपल्याकडं 'मी' म्हणून जो बोलेल तो लेखक, आणि लेखकाच्या वयाचा नसेल तर त्याचा बाप किंवा आजा. दुसऱ्या गाईडवाल्यानं पहिल्याचं उतरवून घेतलं. प्राध्यापकांनी दुसऱ्याचं. आणि आज ते शोकप्रस्तावात आलं. सत्य असं तयार होतं, मित्रहो. त्याला फार कष्ट नाहीत. कुणी आडवं येऊ नये, एवढंच लागतं.

किसनच्या शेजारची सून बाहेरून बी.ए. करत होती. एक दिवस ती प्रश्न घेऊन त्याच्याकडं आली. 'मुकादमाच्या निःस्वार्थी स्वभावाचे चित्रण करा.' प्रत्यक्ष लेखक भिंतीपलीकडं राहतो म्हटल्यावर ती कुठं जाणार? किसननं तिला बसवून उत्तर सांगितलं. निःस्वार्थी, धीरोदात्त, मजुरांचा कैवारी, सगळं. मी हे ऐकलं तेव्हा मला राहवलं नाही. "तू? तू हे सांगितलंस?" तो म्हणाला, "मंग? खरं लिहून नापास होऊ देऊ तिले? तिचा नवरा आधीच म्हणते, शिकून काय करतं वं." ती पास झाली. चांगल्या मार्कांनी. पेढे घेऊन आली. किसननं पेढा खाल्ला.

वहिनी, मला ठाऊक आहे, त्या पेढ्यानंतर त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. लोक विचारायचे, "गजघाटेसाहेब, नवीन काय?" तो म्हणायचा, "सुरू आहे." काही सुरू नव्हतं. आपण समजत होतो की एका पुस्तकानं तो तृप्त झाला. एका वक्त्यानं आज तसं सांगितलंसुद्धा. तो तृप्त नव्हता. आपल्याच लेखणीनं आपल्या आज्याच्या मारेकऱ्याला पुतळा करून दिला, हे रोज सकाळी उठून पाहणारा माणूस तृप्त असत नाही.

शेवटी किडनी गेली. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलेला असताना मी भेटायला जायचो. एकदा म्हणाला, "माही शोकसभा होईन तं तुलेच बोलायले लावतीन." मी म्हटलं, "मी काय बोलू सांग, तसं बोलतो." तर म्हणाला, "तू खोटंच बोलशीन. बोल. पण असा बोल का ऐकणाऱ्याले समजलं पायजे."

असं तो म्हणाला, असं मी म्हणतो आहे. खाटेशेजारी तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा माझ्यावरही फार विश्वास ठेवू नका. मी त्याचा मित्र आहे, आज मी माईकपुढं आहे, माझ्याकडं सगळे बघत आहेत, आणि तो काही बोलू शकत नाही. मुकादमाकडं याहून वेगळं काय होतं? मीही दोन-चार वाक्यं सुबक करून सांगितली असतील. माझी विसंगती सापडली तर जरूर धरा. सुधारू मात्र नका.

आता कामाचं.

अध्यक्षसाहेब, माझी पहिली मागणी. त्या प्रस्तावातून ते वाक्य काढा. त्याच्या जागी दुसरं काही घालायची गरज नाही. प्रस्ताव छोटा झाला तर किसनचा अपमान होत नाही. तुम्ही शेजारच्या प्राध्यापकांना खुणेनं काही तरी विचारता आहात. ते इतिहासात संशोधन करायला हवं म्हणतील. करा. पण तोवर वाक्य बाहेर ठेवा.

दुसरी मागणी बापूसाहेबांना. तो फोटो परत करा. आणि पहिली आवृत्ती होती तशी छापा. पाऊस आणि ऊन दोन्ही राहू द्या. मुकादम एकाच वेळी दोन ठिकाणी राहू द्या. 'वर पाहिलं' ते वरच राहू द्या. तुम्ही मान हलवलीत. ती होकाराची, का पंख्याच्या वाऱ्यानं हलली? बोला, सगळे ऐकत आहेत.

"कॉलेजातून हरकत येईल" म्हणता. येईल. विद्यार्थी विचारतील, सर, हा माणूस असं दोन तऱ्हांनी का सांगतो? मास्तर अडचणीत येतील. बापूसाहेब, एखाद्या वर्गात हा प्रश्न विचारला जावा, एवढ्यासाठीच ते पुस्तक लिहिलेलं होतं.

बरं, हे माझं म्हणणं झालं. माझ्या म्हणण्याला किंमत नाही. परवानगी वहिनींची लागते, आणि त्या इथं बसल्या आहेत. आज दुपारी मी त्यांना भेटलो. त्यांनी मला सरळ सांगितलं, "भाऊजी, छापतीन तं पहिलं छापा म्हणा, नाही तं छापूच नका. यायच्या मायच्या बापाले मारणारा माणूस माह्या घरच्या पुस्तकावर नाही पायजे." वहिनी, मी बरोबर सांगितलं ना?

त्यांनी मान हलवली. मागच्यांना दिसलं नसेल. पुढच्यांना विचारू नका, पुढचे काहीही सांगतील. सभा संपल्यावर स्वतः येऊन त्यांना विचारा.

बापूसाहेब, तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात. मी ऐकलं. ते माईकमध्ये आलं नाही, पण दोन रांगांनी ऐकलं. अध्यक्षसाहेब, तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि ती ओळ खोडलीत. आभार. हे दोन्ही किसनला कळणार नाही. यानं त्याची ती वर्षं परत येत नाहीत, न लिहिलेली पुस्तकं येत नाहीत. उशीर झाला तो झालाच. मी इथून उतरताना कुणी "छान बोललात" म्हणू नका.

दुपारी त्यांच्याकडून निघताना वहिनींनी दारात मला आणखी एक सांगितलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही बोला, भाऊजी. पण यायच्या वतीनं बोलू नका. मेल्यावर सगळेच वतीनं बोलते."

तेव्हा किसनच्या वतीनं मी काही बोलत नाही. आपण उभे राहू. त्याच्यासाठी, आणि कड्याखाली राहिलेल्यांसाठी. त्यांची नावं किसनच्या कादंबरीत कुठंच नाहीत. मुकादमानं एकाचंही नाव घेतलेलं नाही, आणि किसननं ती स्वतःच्या मनानं घातली नाहीत. त्यांचं म्हणणं काय होतं, कुणालाच माहीत नाही. तर्क करू नका. आता दोन मिनिटं कुणीही कुणाच्या वतीनं, मनातल्या मनातसुद्धा, काही बोलायचं नाही.

उठा.